एक लांब, दोन तोकडे

"बाई, सगळं नको. एकच नाव शिकवा."

तो चपला काढून, त्या हातात धरून दारात उभा होता. आत चटईवर माझी दुपारची मुलं बाराखडी म्हणत होती. दारात कुणी आलंय म्हटल्यावर त्यांचा आवाज मुद्दाम चढला. मी हात वर केला तशी ती गप्प झाली.

"कोणतं नाव?"

"सोपान."

"तुमचं का?"

"न्हाई. मी हैबती. माझं नाव मला ठाऊकच हाय की. ते शिकून काय करू?"

मुलं फिदीफिदी हसली. तोही हसला. पन्नाशीचा असेल. खांदे पैलवानासारखे, दाढीचे खुंट पांढरे, आणि अंगाला मोहरीच्या तेलाचा वास. धुऊनही न जाणारा.

"इथला पत्ता कुणी दिला?"

"ऋताताईंनी."

मग मी जास्त विचारलं नाही. ऋता माझी चौथीतली विद्यार्थिनी. महापालिकेच्या शाळेत मी तिला शिकवलं, आणि मी निवृत्त होऊन गिरगावातल्या ह्या तळमजल्यावरच्या खोलीत गल्लीतली पोरं जमवून बसले, तेव्हा ती संशोधन करणारी मोठी बाई झाली होती. विषय ऐकून मी तिला दोनदा विचारलं होतं. ह्या शहरात देह विकून जगलेल्या पुरुषांचा इतिहास.

"बायकांबद्दल थोडंफार तरी लिहिलेलं सापडतं, बाई," ती म्हणाली होती. "हे लोक जुन्या खटल्यांच्या कागदांत सापडतात ते फक्त आरोपी म्हणून. मालिशवाला, राहणार फूटपाथ, एवढंच. ते स्वतः काय म्हणाले, ते कुठंच नाही. आता म्हातारे झालेत, एकेक करून चाललेत. ते बोलतायत तोवर ऐकून घ्यायचं."

तिनं त्यांचं बोलणं कॅसेटवर घेतलं, आणि त्या कॅसेटा ऐकून कागदावर उतरवायचं काम मला दिलं. माझं अक्षर चांगलं, कान शाबूत आणि वेळ भरपूर. पहिली कॅसेट ऐकताना मी मशीन बंद करून उठले, चहा केला, पुन्हा बसले. असं बऱ्याचदा झालं. पुढं सवय झाली. अडखळत वाचणाऱ्या मुलाचं आपण ऐकतो ना, मध्ये न बोलता, तसं ऐकायचं.

कॅसेटांवर खरी नावं नसत. ऋतानंच ठेवलेली नावं असत : मोहन, दिलावर, शंकर. खरं कोण ते मला ठाऊक नव्हतं आणि विचारायचं नाही असं ठरलेलं होतं.

हैबतीला मी आत बसवलं. पाटीवर 'सोपान' लिहून दिलं. तो पाटीकडे एखाद्या फोटोकडे बघावं तसं बघत राहिला.

"हे नाव कशाला हवंय?"

"ताईंचं पुस्तक यायचंय. त्यात त्यो हाय. मला म्हनाला व्हता, हैबत्या, मी पुस्तकात येनार, माझं नाव छापनार. कागदावर सही बी करून आला. मला त्येचं नाव तेवढं हुडकायचंय."

"कोण हा तुमचा?"

"गाववाला."

मला सांगणं भाग होतं. मी सांगितलं. सही घेतली ती संमतीची. पुस्तकात कुणाचंच खरं नाव यायचं नाही. गाव बदललेलं, नाव बदललेलं, म्हणजे घरच्यांना त्रास नको.

हैबतीनं पाटी खाली ठेवली. उलटी नाही, सुलटीच, अलगद.

"म्हंजे तितं बी न्हाई त्यो," एवढं म्हणाला, चपला उचलल्या आणि गेला.

दोन दिवसांनी तो पुन्हा दारात.

"बाई, मग सगळीच अक्षरं शिकवा."

"सगळी?"

"नाव बदललं, बोलनं कुटं बदलत्यात? बोलन्यावरनं वळखीन मी त्येला. पर माझं मला वाचाय आलं पायजे. दुसऱ्याच्या तोंडून न्हाई ऐकायचं."

अशी सुरुवात झाली. लहान मुलांच्या चटईच्या कडेला तो मांडी घालून बसे. अंग पैलवानाचं, पण लाज मात्र बालवाडीतल्या मुलासारखी. खडू इतका घट्ट धरायचा की मोडायचा.

"हलक्या हातानं, हैबतीराव. अंग रगडायचं नाहीये."

"बाई, ह्या हाताला हलकं जमतं व्हय? गिऱ्हाइकं पैसे परत मागत्याल."

मुलांना तो फार आवडला. सगळ्यांत जास्त वैशूला, कारण ती पहिलीतली आणि तिला चुका काढायला कुणीतरी हवंच होतं.

"काका, तुमची मात्रा राहिली. हे सापान झालं."

"पुन्यांदा?"

"रोजच राहते. तुम्हाला बाईंनी मारलं पाहिजे."

"मारा म्हनावं. पाठ माझी लई मजबूत हाय."

मी मुलांना मारत नाही, हे सांगून वैशू त्याला समजावत बसे.

मुलं घरी गेली की तो थोडा रेंगाळायचा. पाट्या पुसून एकावर एक रचून ठेवायचा. असंच रचताना बोलायचा, माझ्याकडे न बघता. दोघं माण तालुक्यातले, शेजारशेजारच्या गावचे. दुष्काळात मुंबईला आले. चौपाटीवर वाळूत चटया टाकून मालिश करायची. तारेच्या जाळीत तेलाच्या बाटल्या अडकवलेल्या, ती जाळी हलवली की बाटल्या किणकिणतात, त्यावरून गिऱ्हाइकाला कळतं मालिशवाला आहे. प्रत्येकाची वाजवायची तऱ्हा निराळी.

"आन् काही गिऱ्हाइकाला मालिश नको असायची," तो म्हणाला. "ते तुमी कॅसेटवर ऐकलंच असंल."

"ऐकलंय."

"मग झालं. मी न्हाई सांगत. लाज वाटती म्हनून न्हाई. तुमी चहा देता, तितं ते नको."

त्याच्या गावी बायको होती, दोन मुलगे होते. त्यांना वाटे, तो गोदामावर रखवालदार आहे. दरवर्षी यात्रेला जायचा, कपडे न्यायचा, परत यायचा. सोपाननं लग्न केलं नव्हतं.

सोपान गेला कसा, ते एका दुपारी कळलं. कावीळ झाली. सरकारी दवाखान्यात नेला तेव्हा उशीर झाला होता. गावाहून भाऊ आला.

"मी उशाला बसलो व्हतो. भाऊ म्हनला, तुमी कोन? मी म्हनलं, कुनी न्हाई. वळखीचा हाय." पाटी पुसता पुसता त्याचा हात थांबला. "काय सांगनार व्हतो? मग त्येनी मढं गाडीत घालून नेलं. खोलीतलं सामान नेलं. जाळी तेवढी भंगारात घातली. म्हनले, असल्या धंद्याची वस्तू घरात नको. मी गाडीमागं नाक्यापतूर गेलो. दहाव्याला जायाचं तर कोन म्हनून जायाचं?"

मी त्याच्या हातातली पाटी घेऊन बाकीच्या पाट्यांवर ठेवली.

"त्येचा एक फोटू न्हाई, बाई. म्हनून म्हनलं, पुस्तकात तरी."

त्याच आठवड्यात ऋता आली. मी तिला सरळच विचारलं.

"ऋता, सोपान कोणता गं? नुसतं टोपणनाव सांग. त्या बिचाऱ्याला सगळं पुस्तक चाळायला नको."

"बाई, सोपान नावाचं कुणी माझ्याशी बोललं की नाही, हेसुद्धा मी सांगू शकत नाही."

"मेलाय तो."

"मेल्यावरसुद्धा नाही. त्यांनीच मला बजावलं होतं, पुतण्यांची लग्नं व्हायचीत..." ती एकदम थांबली. ओठ चावला. "बघा, तुम्ही बोलायला लावता. चौथीतही असंच करायचात."

"मग कॅसेट तरी ऐकव त्याला. आवाज ओळखेल."

"पुसल्या. सगळ्या. पुस्तक छापायला गेलं की पुसायच्या, असं प्रत्येकाला कबूल केलं होतं. पोलिसांच्या हाती, भावकीच्या हाती लागायला नकोत." ती खिडकीबाहेर बघत राहिली. "पुसताना मशीनजवळ बसून होते मी. काहीच ऐकू येत नाही हो पुसताना. नुसतं चाक फिरतं."

तिच्यावर रागवायला जागा नव्हती. तिनं शब्द पाळला होता, आणि तो पाळायला मीच तिला शिकवलं होतं. आमचा वाद झाला होता तो एका निराळ्याच गोष्टीवरून, आणि तो फार आधी. मी कॅसेट उतरवताना नुसतं बोलणं लिहीत नसे. खोकला आला तर कंसात खोकला लिहायचा, हसला तर हसतो लिहायचं. एकानं मध्येच बाटल्या वाजवल्या, तेही मी लिहिलं होतं. ऋतानं त्यावर लाल रेघ मारली.

"ह्याचा वाचणाऱ्याला काय उपयोग, बाई?"

"मला ठाऊक नाही. पण श्रुतलेखनात ऐकलं ते लिहायचं. आपल्याला समजलं तेवढंच लिहायचं, असं नाही."

तिनं हसून लाल रेघेवर 'राहू द्या' लिहिलं होतं. मी ते विसरूनही गेले होते.

पुस्तक आलं तेव्हा हैबतीचं जोडाक्षरांपर्यंत आलं होतं. ऋतानं त्याला एक प्रत दिली. त्यानं ती टॉवेलात गुंडाळून आणली. मुलांना मी लवकर सोडलं, तरी वैशू दारातून ओरडून गेलीच, "काका, मात्रा बघून वाचा!"

तो वाचायला बसला. बोट ओळीखाली, ओठ हलतायत. मी समोर तांदूळ निवडत बसले, अडला तर सांगायला. पहिला माणूस दिलावर. थोडं वाचून हैबतीनं मान हलवली. "ह्यो न्हाई. ह्यो लई रडतो." त्याला सोडून पुढं जावं असं मी सुचवलं, तर तयार होईना. "ऐकून घेऊ की. बोललाय बिचारा." दिलावर पुरा वाचायलाच त्याला कितीतरी दुपारी लागल्या. मग शंकर. तोही नाही. मग एके दिवशी मोहन.

"प-य-ल्यां-दा... पयल्यांदा समुद्र... बघितला तवा मी रडलो. लोकांना वाटलं... घरची आठवन आली. मी म्हनलं, एवढं पानी हितं... आन् आमच्या गावाला... हंडाभर मिळंना. देवाचं... वा-ट-प..."

तो थांबला. पुढचा शब्द त्यानं पुस्तकात बघून म्हटलाच नाही.

"देवाचं वाटप चुकलंय!" तो ओरडलाच. "बाई, ह्यो बघा! ह्यो मेला हितं बसलाय! समद्या चौपाटीला ऐकवून झालं ह्येचं वाटप!"

त्यानं पुस्तक माझ्यापुढं धरलं, बोट त्या ओळीवर दाबून, जणू बोट काढलं तर ती निसटेल. डोळे भरले होते आणि तो हसत होता. मी त्याला पाणी दिलं. ते न पिता तो पुढं वाचू लागला.

किती छान वाचत होता त्या दिवशी! जोडाक्षरावर अडत नव्हता. सोपानचा आवाज त्याच्या कानात असणार, डोळ्यांच्या आधी शब्द जिभेवर येत होते. मुंबईतला पहिला पाऊसकाळ पुलाखाली काढलेला, एका पारशी म्हाताऱ्यानं दिलेला कोट, पोलीस चौकीत झाडलोट करून घेऊन सोडलेलं. प्रत्येक ठिकाणी तो मला सांगायचा, "मी व्हतो की तितं. कोट मीच उसवून बारीक केला." पण पुस्तकात तो कुठंच येत नव्हता. हे माझ्या ध्यानात आलं. त्याच्याही आलं असावं, कारण त्याचा आवाज हळूहळू बारीक होत गेला.

मग ऋताचा प्रश्न आला. "ह्या शहरात... तुमचं म्हणावं... असं कुणी आहे?"

हैबतीनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. सणाला नवीन कपडा मिळणार हे ठाऊक असलेलं मूल बघतं, तसं. मग खाली पाहिलं.

"मोहन : न्हाई. कुनी न्हाई. मी एकटाच."

पान तिथं संपत होतं.

त्यानं ती ओळ पुन्हा वाचली. मनातल्या मनात, ओठ हलवत. तिसऱ्यांदा वाचली तेव्हा बोटानं एकेक अक्षर वेगळं करून, कुठं मात्रा चुकली का ते बघत.

"बाई, हे 'कुनी'च हाय ना?"

"हो."

"आन् हे 'न्हाई'."

"हो, हैबतीराव."

त्यानं पुस्तक मिटलं. टॉवेल झटकून खांद्यावर टाकला. पुस्तक चटईवरच राहिलं.

"बरं झालं शिकलो," असं म्हणून तो गेला. ते टोचून म्हटलं की कसं, मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी आला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. वैशू रोज विचारायची, काका नापास झाले का? एका संध्याकाळी मी पुस्तक आवरायला उचललं आणि सहज ते पान उलटलं. पुढच्या पानाच्या डोक्यावर माझाच कंस होता. मला ती कॅसेट आठवली. "मी एकटाच" म्हटल्यावर बराच वेळ नुसता समुद्राचा आवाज, मग ते किणकिणणं, आणि मग ऋतानं दुसराच प्रश्न विचारलेला. किणकिण नीट कळावी म्हणून मी कॅसेट मागं नेऊन पुन्हा पुन्हा ऐकली होती. त्याचा अर्थ मला तेव्हा ठाऊक नव्हता, आणि त्या संध्याकाळीही नव्हता.

तो आला तो निरोप घ्यायला. हातात पिशवी, अंगात धुतलेला सदरा. मुलांसाठी कुरमुऱ्यांच्या पुड्या आणल्या होत्या.

"गावाला चाललो, बाई. आता हितं काय न्हाई. पोरगा म्हनतो, लई झाली रखवाली."

मुलं कुरमुऱ्यांवर तुटून पडली. मी पुस्तक काढून त्याच्यापुढं ठेवलं.

"राहू द्या," तो म्हणाला. "त्येनं सांगितलं ते खरंच हाय."

"असेल. पण माझ्याकडे धडा अर्धा सोडून कुणी जात नाही. ही मुलंसुद्धा नाही. तुम्ही पान उलटलं नव्हतं."

"बाई..."

"एक ओळ. मग जा."

त्यानं पिशवी खाली ठेवली. मुलं खाता खाता बघत होती. त्यानं पान उलटलं, बोट ठेवलं, आणि पहिल्या दिवसासारखा अक्षर अक्षर लावत वाचू लागला.

"ते-ला-च्या... तेलाच्या बाटल्या... वाजवतो. एक... लांब. दोन... तो-क-डे."

खोलीत कुरमुऱ्यांचा आवाज तेवढा राहिला.

"हे कुनी लिवलं?" त्यानं विचारलं.

"मी. कॅसेटवर ऐकलं तसं."

"एक लांब, दोन तोकडे?"

"एक लांब, दोन तोकडे. मी पुन्हा पुन्हा ऐकून लिहिलंय."

तो खाली बसला. बोट त्या ओळीवरून न काढता बोलू लागला.

"गिऱ्हाईक त्येला घेऊन जायाचं ना, लॉजवर, कुटं बी... मी कट्ट्यामागं पथारी टाकून पडायचो. झोप कुटली? परत येतो का न्हाई, ह्येच. एकदा त्येला मार मार मारून गटाराकडंला टाकून दिलं व्हतं. तवापासनं ठरलं. जितं बी असंल, वाळूवर पाय पडला की बाटल्या वाजवायच्या. एक लांब, दोन तोकडे. म्हंजे मी आलो, नीट हाय, ऊट. गिऱ्हाइकाला हे कदी वाजवलं न्हाई त्येनं. मी कट्ट्यामागनं 'आलो' म्हनायचो आन् पथारी गुंडाळायचो. मग दोघं खोलीवर जायाचो."

वैशू त्याच्याजवळ सरकली. "काका, काय झालं?"

"काय न्हाई, बाळा." त्यानं तळव्यानं तोंड पुसलं. मग मला म्हणाला, अगदी हळू, "भावापुढं मी बी तेच म्हनलो व्हतो. कुनी न्हाई." आणि थोड्या वेळानं, "त्यो आवाज, बाई? ती कॅसेट?"

मी मान हलवली.

"पुसली?"

"पुसली."

त्यानं ते ऐकून घेतलं. डोळे मिटून जरा वेळ बसला, काही ऐकू येतं का बघावं तसा. मग वैशूच्या हातातली पेन्सिल मागून घेतली. पुस्तकावर ओणवा झाला. पाठ माझ्याकडे, एवढी मोठी. वैशू डोकावली तर तिला त्यानं कोपरानं अडवलं नाही.

उठला तेव्हा पुस्तक माझ्या हातात दिलं.

"हे तुमच्याजवळ असू द्या. मला नेता यायचं न्हाई. थोरला वाचतो घरी."

तो माझ्या पाया पडायला वाकला, मी त्याचे हात धरले. मऊ होते, तेलकट. मग पिशवी उचलली आणि गल्लीच्या तोंडाशी एकदा मागं बघून गेला. पुन्हा कधी आला नाही. पत्र लिहा म्हणून मी सांगितलं होतं, पण कुणाला काय म्हणून लिहिणार?

"बाई," वैशू म्हणाली, "काकांनी आज मात्रा बरोब्बर दिली."

मी पुस्तक उघडलं. माझ्या कंसाखाली, मोकळ्या जागेत, पहिलीतली मुलं काढतात तसं मोठं, वाकडंतिकडं, पेन्सिल दाबून दाबून लिहिलेलं एकच होतं :

आलो.